लख्ख घासलेला तवा

किळस येण्याच्या बाबतीत लख्खकाकूंचा हात धरणारं त्या गल्लीत कुणी नव्हतं. कुणाकडे गेल्या की पाणी पुढे यायच्या आधीच म्हणायच्या, "मी आत्ताच पिऊन आलेय." दुसऱ्याच्या पेल्याची कड त्यांना दिसायची ती आधी टेकून गेलेल्या सगळ्या ओठांसकट. बाजारातून अंडी आणली की तीसुद्धा धुऊन, पुसून, मग आत. शेजारणीने वाटीभर काही दिलं तर तोंडभर कौतुक करून घ्यायच्या आणि तिची पाठ वळली की मांजराला घालायच्या. तेही दाराबाहेर, कागदावर. लख्खकाकू हे नाव गल्लीनेच ठेवलेलं. त्यांना ते ठाऊक होतं आणि, खरं सांगायचं तर, आवडायचंही.

भांडी मात्र त्यांची खरोखर बघण्यासारखी. लग्न होऊन आल्या तेव्हा रॉकेलचा स्टोव्ह होता. पातेली अशी काजळायची की हात लावला तर कोपरापर्यंत काळं. सासूबाईंनी सुनेच्या हातात पहिली वस्तू दिली ती तारेची घासणी. भांड्याच्या बुडाला काळं म्हणजे घराच्या तोंडाला काळं, हा त्या बाईचा कायदा. आठवड्यातून एकदा सगळी भांडी पालथी घालून त्या उकिडव्या बसायच्या आणि एकेका बुडावरून बोट फिरवायच्या. बोट काळं झालं की ते सुनेच्या नाकासमोर धरायच्या. ते बोट काकू कधी विसरल्या नाहीत. सासूबाई गेल्या, स्टोव्ह गेला, गॅस आला, पण चव्वेचाळीस वर्षं भांड्यावर जे जे म्हणून काळं दिसलं ते काकूंनी खरवडून काढलं.

त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करत. सगळे त्यांना घड्याळजीच म्हणायचे. घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल, वर दिवा, आणि डोळ्याला भिंग लावून वाकलेले घड्याळजी. माणूस कमी बोलणारा आणि आवडीने खाणारा. तळलेला मासा, लोण्यात परतलेले बटाटे. ताटात काही उरायचं नाही.

तेच घड्याळजी गेल्या वर्षी छाती धरून टेबलावर कोसळले. वाचले. पण दवाखान्यातून आल्यावर काकूंनी धसका घेतला आणि तेल-लोणी एका दिवसात बंद. सगळं उकडून. उकडलेला भोपळा, उकडलेला मासा, उकडलेली कोबी. घरभर कोबीचा तो आंबूस वास, ओल्या मोज्यासारखा. घड्याळजी दोन घास चिवडायचे आणि ताट सरकवायचे. सहा महिन्यांत अंगावरचे सदरे खुंटीवर टांगल्यासारखे दिसायला लागले.

डॉक्टरांनी वजन केलं आणि काकूंना बाजूला घेतलं. "हे बघा, हृदय ठीक आहे. पण आणखी दोन किलो उतरले तर मला यांना दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल. एकदा नळी लागली की या वयात सुटेलच असं सांगता येत नाही. यांना खायला घाला. काय घालायचं ते आहारवाल्या बाईंना विचारा."

नाकातून नळी! काकू तशाच जिन्याकडे निघाल्या.

आहारवाल्या बाईंची खोली त्याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर. टेबलावर एक पिवळं, गाठाळलेलं, लिबलिबीत रबरी ढेकूळ ठेवलेलं. "ही एक किलो चरबी. दिसते कशी, कळावं म्हणून. धरून बघा," असं म्हणत बाईंनी ते काकूंच्या हातात ठेवलंच. शेकडो रोग्यांनी चिवडून त्याला मेणचट चकाकी आली होती, खाचांमध्ये राखाडी मळ बसला होता. काकूंनी ते दोन बोटांत धरलं आणि श्वास रोखला.

"उकडून घालू नका हो," बाई म्हणाल्या. "जीव जाईल माणसाचा. परता, भाजा. फक्त तेल चमचाभर. नॉनस्टिक तवा आहे का घरी?"

"माझ्याकडे सगळी साधी भांडी."

"मग घ्या. चमचाभर तेलात सगळं होतं. चिकटत नाही."

काकूंनी दवाखान्याच्या नळावर तीनदा हात धुतले आणि थेट भांड्यांचं दुकान गाठलं.

तिथेही नशिबाने पाठ सोडली नव्हती. भांडीवाल्याने दारातच शेगडी मांडून बिनतेलाची अंडी करून दाखवण्याचा खेळ लावला होता. अंडं तव्यावरून घसरत ताटलीत यायचं आणि तो एकाच चमच्याने रांगेतल्या सगळ्यांना भरवायचा. चमचा मधेच कमरेच्या फडक्याला पुसायचा. त्या फडक्याचा मूळ रंग कुठला ते त्याच्या आईलाही सांगता आलं नसतं.

"आ करा, काकू!"

"मला अंडं चालत नाही," काकू सपशेल खोटं बोलल्या. "तवा द्या. डब्यातला. हात न लागलेला."

"घ्या. आणि बरं का, उलथणं लाकडी वापरायचं. लोखंडी लावलंत तर माझ्याकडे यायचं नाही. बाकी सगळं त्या कागदात लिहिलंय."

तो कागद तव्यात घडी घालून ठेवलेला होता आणि त्यावर कुणाच्या तरी अंगठ्याचा तेलकट ठसा होता. काकूंनी तो चिमटीत धरून कचऱ्यात टाकला. उलथणं मात्र इमानदारीने लाकडी आणलं.

पहिल्या दिवशी त्यांनी चमचाभर तेलात बटाटे परतले. घड्याळजींनी ताट पुसून खाल्लं. काकू मोरीत गेल्या आणि डोळ्यांना पदर लावून आल्या. मग तवा घासायला घेतला. आतून हा काळाकुट्ट! नव्या भांड्याला इतकं काळं? कारखान्यातली काजळी असणार, दुसरं काय. त्यांनी तारेची घासणी काढली. काळं हट्टी होतं, पण काकू त्याहून हट्टी. दोन्ही वेळा, रोज. आठवड्यात मध्यभागी रुपयाएवढं पांढरं दिसायला लागलं. काकूंना बरं वाटलं. तीन आठवड्यांत ते बशीएवढं झालं.

घड्याळजींचं वजन दीड किलोने वाढलं होतं. आणि मग एका दुपारी त्यांनी माशाचा तुकडा तोंडाजवळ नेला आणि थांबले.

"अगं, हे काळं काय आहे?"

"मिरी असेल."

दुसऱ्या दिवशीही काळं. तिसऱ्या दिवशी अंड्यावर बारीक बारीक काळे ठिपके, चिलटं बसल्यासारखे. घड्याळजींनी ताट सरकवलं.

काकूंनी मिरी फेकली. मीठ फेकलं. मग त्यांच्या डोक्यात आलं ते झुरळ. झुरळाचे पाय असतील. नाही तर उंदराच्या लेंड्यांचा चुरा. हे मनात आल्यावर त्यांना दोन दिवस स्वतःला अन्न गेलं नाही. त्यांनी सगळी फडताळं रिकामी केली, डबे उकळत्या पाण्यात घातले, शेगडी भिंतीपासून ओढून मागे डोकावल्या. एक झुरळ नाही, एक लेंडी नाही. आणि ताटात रोज काळं. घड्याळजी आता ताट समोर आलं की आधी तोंड वळवायचे. वजन पुन्हा उतरलं, होतं त्याच्याही खाली. दोन किलोंतला एक गेला.

"आणखी एक, की नळी," काकू म्हणाल्या. "डोळे मिटून खा ना हो!"

"डोळे मिटले की जास्त दिसतं," घड्याळजी म्हणाले. ते ताट उचलून पुढच्या खोलीत गेले. दिवा लावला, भिंग डोळ्याला चढवलं, चिमट्याने एक कण उचलून पांढऱ्या कागदावर ठेवला. बराच वेळ उलटा-सुलटा केला.

"ही मिरी नाही. झुरळही नाही. चपटं आहे. एका बाजूने काळं, एका बाजूने करडं. पापुद्रा आहे हा. रंगाचा निघतो तसा." त्यांनी मान वर केली. "तवा आण बघू."

काकूंनी तवा आणला. बशीएवढा भाग चकचकीत, कडेला उरलेलं काळं कातरल्यासारखं. घड्याळजींनी त्या कडेवर नख लावलं. पापुद्रा सुटून नखावर आला.

"हे तू घासलंस?"

"मग? काळं ठेवू?"

"अगं बये, ते काळं म्हणजेच तवा होता!"

काकू खाली बसल्या. पाच आठवडे. दोन्ही वेळा. इतरांच्या पेल्याची कड बघून ज्यांना ढवळायचं, त्यांनी आपल्या हाताने नवऱ्याला तवा सोलून भरवला होता. आणि उरलेलं स्वतः खाल्लं होतं. त्या मोरीपर्यंत कशाबशा पोचल्या.

तोंड धुऊन त्या तडक दवाखान्यात गेल्या. आहारवाल्या बाई म्हणाल्या, ते कण जसेच्या तसे बाहेर पडले असतील, घाबरू नका, पण तो तवा आजच्या आज टाका. तिथून त्या दुकानात गेल्या, तर भांडीवाला इतका हसला की त्याला खुर्ची लागली.

"काकू, लोक बटाटे सोलतात! तुम्ही तवा सोललात!"

"दात काय काढतोस? घासायचं नाही हे सांगता येत नव्हतं?"

"कागद होता की आत."

"त्याला तुझा अंगठा होता."

"बरं बाई, माझा अंगठा कापून देतो. आता लोखंडाचा न्या. त्याला पापुद्राच नाही, काय सोलाल? पण ऐका. घासायचा नाही, साबण नाही. फडक्याने पुसायचा आणि तेलाचा हात फिरवून तसाच ठेवायचा. जितका काळा, तितका चांगला. मग चमचाभर तेलात मासा सुद्धा सुटून येतो."

"कालचं तेल आज? तसंच?"

"तसंच. वर्षानुवर्षं."

काकूंनी नाकाला पदर लावला. पण तवा घेतला.

घरी आणून त्यांनी दोन दिवस सांगितलं तसं केलं. तिसऱ्या दिवशी खुंटीवरच्या त्या काळ्या, तुकतुकीत बुडाकडे बघता बघता हात आपोआप घासणीकडे गेला. सकाळी तवा तांबडा झालेला, गंजाने माखलेला. अंडं त्याला असं चिकटलं की खरवडून काढावं लागलं. घड्याळजींनी त्या लोळागोळ्याकडे पाहिलं आणि ताटाला हातही लावला नाही.

"मला नाही जमायचं," काकू म्हणाल्या. "मला बघवत नाही ते मेणचट. तुम्ही करा काय ते."

चव्वेचाळीस वर्षांत घड्याळजी पाणी प्यायला सोडून स्वयंपाकघरात आले नव्हते. त्यांनी तवा मांडीवर घेतला, गंज पुसून काढला, तापवला. मग बोटाच्या टोकावर तेलाचा एक थेंब घेऊन बुडावर पसरला, पुसला, पुन्हा पसरला.

"ते टेबलावरचं घड्याळाचं तेल नव्हे ना?"

"खायचंच तेल आहे हे. गप्प बस." ते पुसतच राहिले. "घड्याळाला जास्त तेल घातलं की ते धूळ धरतं आणि अडकतं. कमी घातलं की झिजतं. एवढंच असतं ते."

आठ दिवस ते रोज पुसत होते. काकू त्या वेळी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. आठव्या दिवशी तव्यावरून अंडं अख्खं सुटून आलं, कडेला सोनेरी, वर एक ठिपका नाही. काकूंनी ते त्यांच्या पुढे ठेवलं. दोनच दिवसांनी दवाखान्यात वजन करायचं होतं.

घड्याळजींनी ताट जरा पुढे सरकवलं, काकूंच्या बाजूला.

"आधी तू."

"मी? मला भूक नाही."

"माझ्या मनातून अजून ते काळं जात नाही, गं. तुला चाललं तर चांगलं आहे, हे मला कळतं. जगात तुझ्याइतकं बारीक बघणारं कुणी नाही. तू खा, मग मी खातो."

काकूंनी तव्याकडे पाहिलं. काळा, ओशट, न धुतलेला. कालचं तेल, परवाचं तेल, सगळं त्यात मुरलेलं.  त्यांनी तुकडा तोडला, डोळे मिटले, पाण्याच्या घोटाबरोबर गिळला. अंगावर काटा आला, खांदे शहारले. डोळे उघडले तेव्हा घड्याळजी त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत होते, घड्याळ चालू झालं की नाही ते बघावं तसे.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या.

घड्याळजींनी घास घेतला. चावला. गिळला. मग थांबले आणि पुन्हा बघायला लागले.

काकूंनी दुसरा घास घेतला. तो पहिल्याहून सोपा गेला नाही. पण त्या थांबल्या की ते थांबत होते, म्हणून तिसराही घेतला.