पाकळ्यांचं आभाळ

"खालून गं, खालून! छप्पर कधी वरून शाकारतात का?"

मागून आईचा आवाज यायचा आणि नेट्टाचा चिमुकला हात पाकळीसकट हवेतच थांबायचा. शेतावरच्या कोठारात ती भलीमोठी लाकडी फळी आडवी ठेवलेली असायची, ओल्या चिकणमातीनं लिंपलेली. भोवती बाकांवर गावातल्या बायका, मांडीवर फुलांच्या टोपल्या. आई तिचा हात धरून पाकळी तळाला नेऊन ठेवायची, हलकेच दाबायची आणि मातीच्या वासातच गुणगुणायची:

पहिली पाकळी तळाला, दुसरी तिच्या डोईवर,
येऊ दे पाऊस बाई, जाईल वरच्यावर.

आई गेली त्याला कितीतरी पावसाळी उन्हाळे उलटले. नेट्टा रॅगचे केस आता त्या वेळच्या आईपेक्षा पांढरे झालेत. पण इंग्लंडातल्या हॉलिनडेल गावची विहीर काही आटली नाही आणि तिला सजवायची रीतही आटली नाही. दर ऑगस्टमध्ये फुलापानांचं एक चित्र मातीत उभं राहतं, विहिरीमागे आठवडाभर पाण्याचे आभार मानतं आणि मग सुकून जातं. दूरदूरहून माणसं बघायला येतात. चित्रातलं आभाळ मात्र नेट्टाचंच. तिनं लावलेल्या आभाळात आजवर पाण्याचा थेंब शिरलेला नाही, असं लोक म्हणतात.

आईकडून ती तेवढंच शिकली नव्हती. नेट्टाचे वडील दगडाच्या खाणीत कामाला होते. एका सकाळी ते पेटी घेऊन दक्षिणेकडे निघाले. हा माणूस परत येत नाही, हे गावाला ठाऊक होतं, आईलाही. ती फाटकात उभी होती, हात पिठानं भरलेले. इतकंच म्हणाली, "छत्री घेतलीस का?" त्यांनी छत्री वर करून दाखवली आणि वळणावर दिसेनासे झाले. आई आत आली आणि पीठ मळू लागली.

यंदा माती तुडवायला नेट्टा आणि मेव्हिस बॅगशॉ दोघीच होत्या. मेव्हिस गावातलं दुकान चालवायची. दुकानात सगळं मिळायचं, बातम्या फुकट. जुन्या न्हाणीच्या टबात दोघी अनवाणी उभ्या, झगे गुडघ्यापर्यंत खोचलेले, एकमेकींच्या खांद्याला धरून.

"ऐकलंस का? एमस चालला," मेव्हिस म्हणाली.

"कुठं?"

"लेकीकडे, दक्षिणेत डेव्हनला. कायमचा गं. हेझेलनं खोलीला रंगसुद्धा दिलाय म्हणे. विहिरीचा सोहळा आटोपला की रविवारी संध्याकाळी तो तिला फोन करून पक्कं सांगणार."

नेट्टाचे पाय मातीत थबकले. पायाच्या बोटांमधून गार चिखल वर आला. मग पाय पुन्हा चालू लागले.

"बरंच झालं की. समुद्राची हवा चांगली, त्याच्या छातीला."

"एवढंच?"

"आणखी काय? मीठ टाक अजून, नाहीतर माती कोरडी पडेल."

मेव्हिसनं मीठ टाकलं, पण मूठ जरा जोरातच आपटली.

एमस हीथकोटनं जन्मभर दगडी कुंपणं रचली, चुना-सिमेंटाशिवाय, दगडावर दगड. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. विहिरीचं चित्र दरवर्षी तोच काढायचा. रोज सकाळी वर्तमानपत्र आणायला जाताना तो नेट्टाच्या कुंपणापाशी थांबायचा. ती आतून चहाचा कप आणून कुंपणाच्या सपाट दगडावर ठेवायची. तो उभ्यानंच प्यायचा. शेळ्यामेंढ्या, पाऊस, कुणाचं गुडघेदुखणं, असलं काहीबाही बोलणं व्हायचं. कप ठेवून ठेवून त्या दगडावर एक तपकिरी गोल उमटला होता, पावसालाही न जाणारा. तो कधी आत आला नाही, कारण तिनं कधी ये म्हटलं नाही. आणि तिनं म्हटलं नाही, कारण त्या घरात कुणाला थांब म्हणायची रीतच नव्हती.

त्याच आठवड्यात नेट्टाच्या वरच्या खोलीत पाहुणा उतरला. मिस्टर लॅमिंग, हल शहरातले, बस चालवून निवृत्त झालेले. डोंगरकडे पालथे घालायला म्हणून नवेकोरे बूट घेऊन आले आणि पहिल्याच चढणीवर बुटांनी त्यांच्या टाचा सोलून काढल्या. लंगडत परत आले तेव्हा नेट्टानं मिठाचं कोमट पाणी पुढे सरकवलं.

"बाई, मी इथं विश्रांतीला आलोय हो," ते कळवळून म्हणाले.

"मग घ्या की विश्रांती. सकाळी ओटची धिरडी खा, पोटभर. दुपारी कोठारात बसून पाकळ्या लावा. उन्हं कलली की ओढ्यात पाय सोडा. कडा कुठं पळून जात नाही."

"आणि हे सगळं करायचे पैसे मीच तुम्हाला द्यायचे?"

"हो, धिरड्यांसकट," नेट्टा म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून लॅमिंग कोठारात असे काही रमले की बुटांची आठवणही राहिली नाही. एमसनं यंदा गावचा जुना पूल काढला होता. खाली ओढा, ओढ्यावर खंड्या आणि वर मोठं आभाळ, त्यात दूर उडणाऱ्या भिंगऱ्या, थंडीआधी आफ्रिकेला जाणारी ती चिमुकली पाखरं. रेघांसाठी आल्डरच्या झाडाची काळी बोंडं, पुलाच्या दगडांना दगडफूल, कुरणाला शेवाळ, मेंढ्यांना मेंढ्यांचीच लोकर. लॅमिंगना खंड्या दिला होता. त्यांनी जीव ओतून लावला. एमस चष्मा कपाळावर चढवून वाकला.

"काढा."

"काय काढा?"

"खंड्या. पाकळ्या वरून खाली लावल्यात तुम्ही. सरीसरशी आंघोळ होईल त्याची."

"पाण्यातलाच पक्षी आहे ना?"

बायका हसल्या. एमस हसला नाही. "इथं रिव्हर्स चालत नाही, मिस्टर लॅमिंग. खालून वर."

त्यांनी खंड्या काढून पुन्हा लावला. शेपटीशी दोन पाकळ्या तशाच राहिल्या होत्या. एमसनं तोही काढायला लावला.

"लष्करात होते का हो हे?" लॅमिंगनी नेट्टाच्या कानाशी लागून विचारलं.

"नाही. भिंती बांधायचे. एक दगड चुकला की भिंत मेंढीच्या पाठीवर येते, म्हणून."

असे दिवस गेले. दारातून गवताचा वास यायचा, मध्येच कुणीतरी किटली घेऊन यायचं, टोपल्या रित्या व्हायच्या, भरायच्या. नेट्टाच्या मांडीवर निळ्या हायड्रेंजियाच्या पाकळ्यांचा ढीग. ती एकेक उचलायची, बोटाच्या टोकानं दाबायची. आभाळ तळापासून वर चढत होतं. असं बसलं की नेट्टाला काही म्हणजे काही नको असायचं. यंदा मात्र एमसचा खोकला ऐकू आला की पुढच्या ऑगस्टमध्ये त्या कोपऱ्यात कोण खोकेल, हा विचार मनात यायचा आणि बोट पाकळीवर जरा जास्तच वेळ राहायचं.

शुक्रवारी दुपारी भिंगऱ्या उरल्या होत्या. लॅमिंगनी मान वाकडी करून विचारलं, "या येतायत की जातायत?"

"ऑगस्ट आहे," एमस म्हणाला. "जातायत."

दाराबाहेर तारेवर खऱ्या भिंगऱ्या ओळीनं बसल्या होत्या, अंगं साफ करत, प्रवासाला निघाल्यासारख्या.

"यातल्या काहींना आफ्रिका जमत नाही हो," मेव्हिस पाकळी निवडत म्हणाली. "त्या आपल्या डेव्हनपर्यंतच जातात."

सगळ्या खळखळून हसल्या. एमसच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. नेट्टाही हसली. हसता हसता तिच्या हातानं मोठ्या भिंगरीखाली एक अख्खी ओळ लावून टाकली. ती कशी लावली, याकडे तिचं लक्ष नव्हतं.

संध्याकाळी एमस नेहमीप्रमाणे चुकल्या पाकळ्या काढायचा चिमटा घेऊन फळीभोवती फिरला. आभाळापाशी थांबला. बराच वेळ थांबला. मग चिमटा बंद करून खिशात टाकला आणि म्हणाला, "झालं. हात लावू नका आता कुणी." भिंगऱ्यांकडे बघत होता, असं नेट्टाला वाटलं.

उन्हं कलल्यावर लॅमिंग आणि ती ओढ्यात पाय सोडून बसली. पाणी इतकं गार की लॅमिंग दर खेपेला देवाचं नाव घ्यायचे.

"बाई, एक विचारू? राग मानू नका."

"विचारा."

"मिस्टर हीथकोटना थांबा म्हटलंय का कुणी?"

नेट्टानं पाण्यातला एक खडा पायानं उलटला. "ज्याचं तो बघतो. जाणाऱ्याला अडवू नये माणसानं."

"मी जन्मभर बस चालवली," लॅमिंग म्हणाले. "थांब्यावर माणसं उभी असायची. चांगले कपडे करून, पिशवी घेऊन, माझ्याकडे बघत. पण हात नाही दाखवला तर मी काय समजायचं? ऊन खात उभी आहेत, असंच ना? मी पुढं जायचो. आणि मग आरशात दिसायचं, त्यांचं तोंड उतरलेलं."

नेट्टानं पाय पाण्याबाहेर काढले. टॉवेल त्यांच्यापुढे धरला. "पाय पुसा. गारठा बाधेल."

रविवारी दोर लावून, आरोळ्या देऊन गड्यांनी फळी विहिरीमागे उभी केली आणि आडवं असताना नुसतं काम वाटणारं ते सारं एकदम चित्र झालं. लोक दोन पावलं मागे सरून बघू लागले. पितळी वाद्यांचा बँड वाजला, पाद्रीबाईंनी पाणी शिंपडून आशीर्वाद दिला. पाहुण्यांनी पुलाचे, मेंढ्यांचे फोटो काढले. लॅमिंग दिसेल त्याला थांबवून सांगत होते, "तो खंड्या बघा. तीनदा जन्माला आलाय तो."

मग कड्यावरून ढग उतरला आणि पाऊस आला, बारीक, न बोलता. माणसं हसत, डोक्यावर कोट धरून सभागृहाकडे पळाली. तिथं चहा होता, जाम आणि साय घालून स्कोन, म्हणजे छोटे गोड पाव, होते, बँडवालेही आत जाऊन पुन्हा वाजवू लागले. नेट्टा मात्र छत्री उघडून मागेच राहिली. पहिला पाऊस आभाळावरून कसा ओघळतो ते बघायची तिची सवय होती.

पाणी ओघळत होतं. पाकळीवरून पाकळीवर, निळ्यावरून निळ्यावर, आईच्या गाण्यासारखं. आणि मोठ्या भिंगरीखाली ते अडलं. तिथल्या पाकळ्या तोंड उघडल्यासारख्या वर झाल्या होत्या, पाणी त्यांच्या पोटात शिरत होतं. एक पाकळी सुटली. तिच्या जागेवरून मातीचा ओघळ खाली पुलापर्यंत आला.

नेट्टा विहिरीच्या पायरीवर चढली. बोट लावून बघितलं. ओळ उलटी होती. अख्खी ओळ. तिच्याच हातची.

"शुक्रवारीच दिसली मला," मागून आवाज आला. एमस उभा होता, टोपीवरून पाणी ठिबकत.

"दिसली? आणि तशीच ठेवलीस? त्या बिचाऱ्याकडून खंड्या पुन्हा पुन्हा करून घेतलास, आणि माझी ओळ..."

"तो चुकला होता." एमसनं टोपी काढून झटकली, पुन्हा घातली. "तू चुकत नाहीस. इतकी वर्षं बघतोय. मी चिमटा काढला होता, नेट्टा. मग म्हटलं, नको. या खेपेला तिला पाणी आत जाऊ द्यायचं असेल."

सभागृहातून बँडचा सूर आला आणि हसण्याचा लोट. विहिरीच्या पाण्यावर थेंबांची वर्तुळं एकमेकांत मिसळत होती. एमस वाट बघत उभा राहिला, कुंपणापाशी चहाची बघायचा तसाच, काही न मागता. मग त्यानं कोटाची कॉलर वर केली.

"चला. हेझेल फोनपाशी बसली असेल."

तो वळला. चार पावलं गेला असेल. त्याचे खांदे भिजून काळे झाले होते. नेट्टाच्या घशापर्यंत शब्द आले, इतके सवयीचे की आपोआप ओठांवर आले.

"एमस, छत्री..."

तो थांबला. मागे वळून बघू लागला.

आणि नेट्टाला आपलाच आवाज ऐकू आला. तो तिचा नव्हता. फाटकात उभ्या असलेल्या बाईचा होता, पिठानं भरलेल्या हातांचा. आईनं पीठ मळताना मान वर केली नव्हती, हे तिला आत्ता, इतक्या वर्षांनी आठवलं.

तिनं छत्री मिटली. पाऊस तिच्या केसांवर, गालांवर, चष्म्यावर आला. तिनं हात पुढे केला, बसला दाखवतात तसा, सरळ, सगळ्यांना दिसेल असा.

"जाऊ नकोस," ती म्हणाली. "भिंतीवरून चहा देऊन देऊन कंटाळले रे मी. उद्यापासून आत येत जा."