लटकत्या चाकाचं माप

…मातीचा हिरवा गोळा दाबला जाऊन कागदाइतका पातळ झाला होता. नातीच्या खेळण्यातला गोळा — मागच्या सुट्टीत ती विसरून गेली, तेव्हापासून तो त्याच्या टायरच्या दुकानात कामाला लागला होता. चाकाशेजारच्या आतल्या पत्र्याला चिकटवायचा, चाक फिरवायचं, आणि दोघांच्या मधे तो किती जाड उरला ते पाहायचं. करंगळीएवढा उरला तर टायर बसला. इथे काहीच उरलं नव्हतं. त्याला बरं वाटलं… आणि बरं वाटलं म्हणून लगेच स्वतःची लाजही वाटली, कारण गाडी जॅकवर होती, चाक हवेत लटकत होतं, आणि लटकतं चाक तिरकं होऊन खोटं माप देतं हे तीस वर्षं टायर बसवणाऱ्याला कुणी सांगायला नको.

तरी त्याने बायकोला फोन करून सांगून टाकलं होतं : रुंद टायर बसत नाही.

बायको, म्हणजे सगळ्या गावाच्या मास्तरीणबाई. पस्तीस वर्षं गणित शिकवलं, आणि निवृत्तीनंतर इतर बायका बागेत गुलाब लावतात तसं हिने जुनी, निळी, दोन दारांची स्पोर्ट्‌स कार घेतली. आता येत्या रविवारी ती बंद पडलेल्या धावपट्टीवर पाव मैल सरळ पळवायची, बारा सेकंदांच्या आत. मागच्या वेळी अवघ्या दोन दशांश सेकंदांनी हुकलं होतं. तिच्या गटाचा नियम असा की चाकं कंपनीचीच हवीत, मूळची, अठरा इंची. शर्यतीचे बहुतेक टायर पंधरा इंची चाकांचे, आणि ती चाकं हिच्या ब्रेकवरून जातच नाहीत. उरले दोन. दोनशे पंच्याहत्तर मिलिमीटर रुंदीचा डोळे मिटून बसतो. तीनशे पाचचा बसला तर बसला — आणि तो बसला तर बाई बाराच्या आत येणार, हे त्यालाही कळत होतं. दुपारपर्यंत दोघांपैकी एक मागवायचा होता.

मग अडत कुठे होतं? तिथेच, सुरुवातीच्या रेषेवर. महिन्यापूर्वी हिरवा दिवा लागला आणि निळ्या गाडीचं शेपूट घसरलं, एवढं की कुंपणामागे उभ्या असलेल्या त्याला समोरून आख्खं दार दिसलं, दाराच्या काचेत तिचं पांढरं हेल्मेट… एक क्षणच. गाडी सरळ झाली, ती परत आली, हसत. रुंद टायर जमीन अधिक घट्ट धरतो, घसरण्याची भीती उलट कमीच, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. पण ती गिऱ्हाइकं. त्यांच्याबरोबर मी सकाळचा चहा पीत नाही, आणि चष्मा कुठे ठेवलाय हे ती मला विचारत नाहीत…

दार वाजलं. ती आली होती, हातात डबा, कपाळावर चष्मा. जॅककडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं. एका गिऱ्हाइकाने टाकून दिलेला तीनशे पाचचा झिजलेला टायर त्याने मापापुरता तिच्या चाकावर चढवला होता, तो तिने बोटाने ढकलून पाहिला. चाक हवेत सावकाश फिरलं. लग्नानंतर पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा त्यानेच तिला ऐटीत सांगितलं होतं की गाडीचं वजन चाकावर असल्याशिवाय माप घ्यायचं नाही. ती काही विसरत नाही.

“उत्तर कळलं,” ती म्हणाली. “आता रीत दाखवा.”

वर्गात याच आवाजात म्हणत असणार, आणि पोरं अशीच बुटांकडे बघत असणार. तो बुटांकडे बघत राहिला. मग म्हणाला, “मागच्या वेळी घाबरलो होतो गं.”

“मीसुद्धा,” ती म्हणाली.

हे तिने महिनाभर सांगितलं नव्हतं. हसत आली होती ती… त्याच्यासाठीच हसत आली होती की काय? त्याने जॅक उतरवला. गाडी चाकांवर बसली. हिरवा गोळा पुन्हा मळून पत्र्याला चिकटवला आणि तिला म्हणाला, आत बस, तुझंही वजन धरायला हवं. वजनावर बोलायचं नाही, असं बजावत ती बसली.

तो मागून गाडी ढकलू लागला. काचेतून तिचं डोकं दिसत होतं, अंबाडा नेहमीसारखा एका बाजूला कललेला, दोन्ही हात शहाण्या मुलीसारखे स्टिअरिंगवर. चाक एक फेरा फिरलं. तो गुडघ्यावर बसला आणि हात आत घातला, पण बोटं पत्र्याच्या अलीकडेच थांबली. सकाळपासून बसू नये, बसू नये म्हणत होतो मी…

“किती?” तिने आतून विचारलं.

“थांब,” तो म्हणाला, आणि करंगळीएवढा तरी उरू दे, एवढंच मनात म्हणत राहिला.