अडवलेला व्हिडिओ

विश्रामबागेतल्या सौमित्रच्या ऑफिसात फोन उचलला की पलीकडून एकच तक्रार यायची, "अहो, नेट चालत नाहीये!" तुमच्या-आमच्या घरातून दिवसाकाठी दोनदा तरी निघणारं हे वाक्य! सौमित्र पुरवत असलेलं इंटरनेट सांगली, कुपवाडपासून आटपाडीकडच्या वाड्यांपर्यंत पोचलं होतं. गिऱ्हाईकं वाढली, यंत्रं मात्र जुनीच राहिली.

म्हणून एका मोठ्या कंपनीचा प्रस्ताव आला तेव्हा तो घरी धावतच आला.

"बाबा, नवी यंत्रं मिळणार! जनावरांची औषधं विकणारी कंपनी आहे. त्यांचं ॲप आपल्या नेटवर सगळ्यात वेगानं चालवायचं, एवढीच अट!"

त्याचे वडील मधुकरराव टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होते. त्यांनी चष्मा काढला. "आणि तसलीच बाकीची ॲप?"

"ती जरा हळू चालतील. तुमच्या वेळी अर्जंट कॉलला जास्त पैसे पडायचेच की!"

"पडायचे. पण कॉल कुणाला लावायचा, अर्जंट की साधा, हे फोन करणारा ठरवायचा. तेव्हा एखाद्या दुकानदारानं माझ्या हातावर नोट ठेवून सांगितलं असतं, की माझ्या शेजारच्या दुकानाचा फोन लावू नकोस, आणि मी ऐकलं असतं, तर? शिवाय असा भेदभाव करायचा नाही, हे तुझ्या परवान्यातच आहे ना?"

"ते नियम सैल करा म्हणून मोठमोठे लोक मागे लागलेत, बाबा. आज ना उद्या होतीलच. आणि आठवड्याची चाचणी तर आहे!"

सोमवारी चाचणी सुरू झाली. ऑफिसातल्या प्रांजलनं नाखुशीनंच संगणकावर वेगाची नवी मांडणी केली.

मंगळवारी सौमित्र आटपाडीकडच्या एका वाडीवर टॉवर बघायला गेला. मोठ्या कंपनीचं ॲप बोट लावताच उघडत होतं. तो हरखून गेला! टॉवरवरून उतरतोय तोच खालच्या रानातून आरडाओरडा ऐकू आला.

मेंढपाळ बाळासोचा कळप कुंपण मोडून लसूणघासाच्या ओल्या चाऱ्यात घुसला होता. मेंढ्या पोटभर चरल्या आणि आता त्यांची पोटं ढोलासारखी फुगली होती. दोन आडव्या पडल्या होत्या. बाळासो हातातल्या मोबाईलवर पुन्हा पुन्हा बोट आपटत होता.

"काय झालं?" सौमित्रनं विचारलं.

"आवं, क्रांती डाक्तरीणबाई व्हिडिओवर बघून सांगत्यात. आमच्याच समाजाची पोरगी, तिनं आमच्यासाठी ॲप काढलंय. रोज चालतंय वो! काल धरनं नुसतं चाक फिरतंय बघा!"

"साधा फोन करा ना!"

"केला की! त्या म्हणत्यात, बघितल्याबिगर सांगता येत न्हाई. फुगी कसली हाय, कुठली मेंढी आदी धरायची. चुकीचं पाजलं तर ठसका लागून मरतील म्हणत्यात."

सौमित्रनं मोबाईल हातात घेतला. पडद्यावर क्रांतीचा चेहरा उमटला, गोठला, तुकडे तुकडे झाला. त्यानं घाईनं स्वतःच्या मोबाईलवर दुसरं ॲप उघडलं, मोठ्या कंपनीचं. झटकन उघडलं! वर रंगीत अक्षरांत लिहिलं होतं, 'पोटफुगीवर खात्रीशीर औषध. तीन दिवसांत घरपोच.'

तीन दिवसांत! एक मेंढी त्याच्या पायाशी धडपडून पडली.

नेट बिघडलं नव्हतं, यंत्र थकलं नव्हतं. ती वाट त्यानं स्वतः अडवली होती! त्यानं लगेच ऑफिसला फोन लावला.

"प्रांजल, चाचणी बंद कर! सगळी मांडणी आत्ताच्या आत्ता काढ!"

"पण सर, करार..."

"करार खड्ड्यात गेला! काढ म्हणतो ना!"

पलीकडे कळफलक खडखडला. एक मिनिट, दोन मिनिटं... आणि चाक थांबलं! क्रांतीचा चेहरा स्वच्छ दिसला, आवाज खणखणीत आला.

"बाळासोदादा, मोबाईल डाव्या कुशीकडं धरा! हां, दिसलं. गोडं तेल आणा. ती कपाळावर ठिपका असलेली आदी घ्या! पुढचे पाय बांधावर चढवा. मान लय वर करू नका!"

मग एकच धावपळ उडाली! बाळासोची आई तानुबाई तेलाचा डबा घेऊन पळत आली, सौमित्रनं बाह्या सरसावून मेंढ्या धरल्या, बाळासो हळूहळू तेल पाजत गेला. तासाभरानं ठिपक्याच्या मेंढीनं मोठा ढेकर दिला आणि ती उठून चालू लागली. "उठली रं, उठली!" तानुबाई ओरडली. पंधरा मेंढ्या वाचल्या. आधी पडलेल्या दोन मात्र उठल्या नाहीत.

सौमित्रला खरं सांगितल्याशिवाय राहवेना. "आजी, हे माझ्यामुळं झालं. मीच ते ॲप हळू केलं होतं."

तानुबाईनं तेलकट हात पदराला पुसले. ती चिडली नाही, सरळ त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "नेटाचं पैसं आमी देतो न्हवं? मग कुणाशी बोलायचं ते तू का ठरवलंस, लेकरा?"



संध्याकाळी औषध कंपनीच्या राजवर्धनचा फोन आला. "तुम्ही नाही म्हणालात तर दुसरा नेटवाला तयार होईल."

"होऊ दे. पण त्याच्याकडे जाऊन मी आजचं सगळं सांगणार आहे," सौमित्र म्हणाला.

आणि त्यानं खरोखर सांगितलं! मेढ्यापासून जतपर्यंत नेट पुरवणाऱ्या छोट्या मंडळींना त्यानं साताऱ्यात बोलावलं आणि आपली चूक सगळ्यांसमोर कबूल केली. क्रांतीही आली होती. ती म्हणाली, "माझ्याकडं मोठं भांडवल नाही. पण वाट सगळ्यांना सारखी असेल तर माझं काम गावागावांत पोचतं." बाविसांपैकी एकोणीस जणांनी तिथंच ठरवलं, कुणाचीही वाट अडवायची नाही आणि कुणाला खास वाटही द्यायची नाही. टाळ्यांनी सभागृह दणाणलं! मागच्या रांगेत मधुकरराव उभे राहून टाळ्या वाजवत होते.

वाचकहो, नेट हळू झालं की आपण यंत्राला शिव्या देतो. पुढच्या वेळी एवढं जरूर विचारा, ते आपोआप हळू झालं की कुणी केलं? आपण काय बघायचं, कुणाशी बोलायचं, कुणाकडून घ्यायचं, ही निवड आपली आहे. नेटवरच्या समान वाटेचे नियम सैल होऊ लागले, तर आवाज उठवणं हे आपलंच काम आहे!