दोन मिनिटांचा लाड

मित्रांनो, मी एक जुना ट्रॅक्टर, बहादरपूरच्या लोटूतात्यांच्या घरचा. माझा मूळ रंग लाल. आता जिथे रंग उरलाय तिथेच मी लाल आहे. मी या घरी आलो तेव्हा तात्यांच्या मिशा काळ्याभोर होत्या. तापीकाठच्या त्यांच्या बागेतली केळी वर्षानुवर्षं मीच वाहिली. गावातल्या वरातीतही मला मान असे, आणि तो मी मिरवलाही.

मग नवा निळा ट्रॅक्टर आला आणि मी छपराखाली जाऊन बसलो. पण तात्यांचा माझ्यावर भारी जीव. रोज सकाळी अंघोळ करून यायचे, मला उदबत्ती ओवाळायचे, दोन मिनिटं सुरू करायचे आणि बंद करायचे. तेवढ्यात माझं अंगही तापत नसे. त्यात थंडीचे दिवस. आत दव धरायचं आणि तेलात उतरायचं. मला ते कळत होतं, पण मायेला नको कसं म्हणणार?

एका सकाळी तात्यांच्या मुलाने, योगेंद्रने, तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली. तेल दुधाच्या चहासारखं झालं होतं.

"तात्या, इंजिनचं हेड गेलं याचं. रेडिएटरचं पानी तेलात उतरलं. आता खर्चा कशाले? सोमवारी भंगारवाल्याले बोलावतो."

तात्या माझ्या चाकावर हात ठेवून उभे राहिले. पण त्यांच्या बायकोने, गोदाबाईंनी, पदर खोचला. "घरचं मानूस आजारी पडलं तं आधी डाक्टर बोलावतेत. कडूले बोलाव!"

बुऱ्हाणपूरच्या शनवारा भागातला कडू मिस्त्री आला. त्याने रेडिएटरचं झाकण उघडलं. पाणी काठोकाठ होतं, जराही कमी झालं नव्हतं.

"हेड तो एकदम बराबर आहे," तो म्हणाला. "तात्या, याले रोज किती वेळ चालू ठेवता?"

"दोन मिनिट. पूजेपुरतं."

कडू हसला. "मग आतला ओलावा जाईन कसा? गरमच होत नाही ना तो!"

त्याने खालचा नट सैल केला. आधी पाणी ठिबकलं, मागून ते मळकट तेल आलं. मग नवा फिल्टर बसला, नवं तेल पडलं. "आता लाड बंद. भरली ट्रॉली ओढू द्या. राहिला-सुरला ओलावा वाफ होऊन निघून जाईन."

सोमवारी भंगारवाला ठरल्याप्रमाणे दारात आला, तेव्हा मी घरी नव्हतो. योगेंद्र मला बुऱ्हाणपूरच्या मंडीकडे हाकत होता. मागे केळीचे घड लादलेले, आणि माझ्या नळीतून वाफ निघत होती. कितीतरी दिवसांनी अंग तापलं. फार बरं वाटलं. परत आल्यावर पट्टीवरचं तेल स्वच्छ निघालं. ते योगेंद्रने तात्यांना स्वतःहून नेऊन दाखवलं.

मित्रांनो, घरातल्या जुन्या यंत्राला जरूर जपा, पण नुसतं ओवाळून नव्हे. त्याचं अंग तापेल इतकं काम त्याला अधूनमधून द्या. मला आता दर आठवड्याला मंडी आहे, आणि माझ्या मडगार्डवर तात्यांची जागा आहे.