तक्रार न करणारं यंत्र

माझा नवरा नोल्बेर्तो ताल्काउआनो बंदराच्या गोदीत वेल्डर होता. पायावर लोखंड पडलं तरी विचारणाऱ्याला सांगायचा, "चाललंय ढकलत!" आमच्याकडचे पुरुष मेले याहून जास्त बोलतच नाहीत.

मग त्याचं अंग हळूहळू लुळं पडलं, वाचाही गेली. डॉक्टरांनी डोक्यात यंत्र बसवलं. त्यानं मनात शब्द जुळवायला घेतले की यंत्र पुढचं ओळखून वाक्य पुरं करायचं आणि स्पीकरमधून त्याच्याच आवाजात बोलायचं. त्याची बोलायची ढब कळावी म्हणून फोनवरचे त्याचे जुने निरोप यंत्राला ऐकवले होते.

संध्याकाळी चहा-पाव घेताना मी विचारायचे, "कसं वाटतंय, म्हाताऱ्या?"

"चाललंय ढकलत!"

अगदी तोच! मला हसूच यायचं. डॉक्टरही तेच ऐकायचे आणि दुखण्याचं औषध कमी करायचे.

एकदा त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. स्पीकर म्हणाला, "कांदा कापतेस का गं?"

कसला डोंबलाचा कांदा! घरात कांदाच नव्हता. मी घाबरले, कंपनीच्या रोमिनाला बोलावलं. यंत्राचं सगळं तीच बघायची.

"काकू, वाक्य पुरं करणं बंद करता येतं," ती म्हणाली. "पण मग मनातलं जसंच्या तसं बाहेर येतं. त्याला काकांची परवानगी लागते, कायदाच आहे आपल्याकडे."

"मग विचार की!"

तिनं विचारलं. स्पीकर म्हणाला, "राहू दे पोरी, कशाला त्रास? चहा घे."

"हा कुठे बोलतोय? तुझं यंत्र बोलतंय!" मी ओरडले. त्याच्यापुढे वाकले. "म्हाताऱ्या, बंद करू का? हो असेल तर डोळे मीट."

त्यानं डोळे गच्च मिटले, उघडेचना.

रोमिनाचा चेहरा पडला. तिनं काहीतरी दाबलं. स्पीकर गप्प झाला आणि पडद्यावर एकेक अक्षर उमटायला लागलं.

दुखतंय. फार.

मी डॉक्टरांना फोन लावला, तोंडाला येईल ते बोलले, औषध पुन्हा पूर्वीइतकं करून घेतलं. ते लागू पडेपर्यंत त्याचा हात धरून बसले. त्याचा श्वास संथ झाला, तशी अक्षरं पुन्हा यायला लागली. फार सावकाश.

मला वाटलं, तू तरी ओळखशील. तो मी नव्हतो.