पहिला पापड

सोमवारी पापड केंद्राची रस्त्याकडची भिंत हातभर आत आली. शहरातल्या दुकानांनी कळवलं होतं, पापड सगळे एकाच मापाचे हवेत. मंगळवारी कोठीकडची भिंत हातभर पुढे सरली. त्या बाजूच्या तरण्या बायकांना यंत्र हवं होतं. मधल्या बायकांनी आपापले पोळपाट जवळ ओढले, एवढंच.

केंद्राची एक रीत होती. रोजचा पहिला पापड कुमुदिनीताईंनी लाटायचा, देवापुढे वाळत घालायचा, आणि तो वाळेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. बावीस वर्षांत ताईंचं मौन एकदाही मोडलं नव्हतं.

त्यांच्या शेजारी पहिल्या दिवसापासून शेवंता बसायची. तिचे पापड कधी गोल झाले नाहीत.

"ताई, तुमच्या देवाला वाकडे चालतात ना हो?" असं विचारून ती स्वतःच हसायची.

शनिवारी भिंती इतक्या जवळ आल्या की एक पोळपाट जास्त झाला. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "शेवंताचा उचलू. कुणाची हरकत?"

"आमची नाही," कोठीकडून आवाज आला.

"कुमुदताई, तुमची?"

ताईंनी नुकताच पहिला पापड घातला होता. खिडकीत उन्हाची बोटभर तिरीप उरली होती. मान हलवायलासुद्धा जागा नव्हती. त्यांनी पदराखालून शेवंताचा हात घट्ट धरला. ते कुणाला दिसलं नाही.

"त्यांचं मौन आहे हो," कुणीतरी म्हणालं.

"मग काय पापड वाळेपर्यंत थांबायचं? शहरात माल न्यायला गाडी दारात उभी आहे."

"बोला की ताई," शेवंता हळूच म्हणाली. "एक शब्द. देव काय तेवढ्यानं रुसतोय?"

ताईंनी पापडाकडे पाहिलं. ओला होता.

"हरकत नाही त्यांची," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

ताईंच्या मुठीतला हात पातळ होत गेला. आधी बोटं, मग मनगट, मग सगळी शेवंता. बायकांनी तिला अलगद उचललं आणि देवापुढच्या धोतरावर, पहिल्या पापडाशेजारी पसरलं. ती बरोबर मापात बसली.

"बघा ताई," ती खालून म्हणाली, "आज झाले की नाही गोल?"

त्यावर कुणी हसलं नाही. पोळपाटांचा आवाज पुन्हा सुरू झाला.

उन्हाची ती तिरीप दिवसभर शेवंतावरच राहिली. दुपारी तिची कड वर वळू लागली. एक बाजू वाळली होती. कुमुदिनीताई वाकल्या आणि, मोडू नये म्हणून दोन्ही हातांनी, त्यांनी तिला उलटलं.

पहिला पापड अजून ओलाच होता.