धाकट्याचा डोळा

मी गेमचा कन्सोल बोलतोय. पहिल्या खेपेचा. हे मी मुद्दाम सांगतो, कारण माझ्यामागून आलेल्या दोघांनाही लोक माझ्याच नावाने ओळखतात. त्यांच्या खोक्यावरही तेच नाव छापलेलं असतं. याचा मला आजही राग येतो.

मी घडलो तेव्हा मला घडवणाऱ्यांनाच नक्की काय हवंय ते कळलेलं नव्हतं. पहिल्या बाळाला घेऊन प्रवासाला निघालेले आईबाप जसे असू दे, असू दे म्हणत पिशवीत सगळंच कोंबतात, तसं त्यांनी माझ्या पोटात सगळं कोंबलं. मोठ्या चिपा, त्या तापतात म्हणून मोठा पंखा, आणि या सगळ्याला पुरेल असं जाडजूड काळं अंग. शिवाय माझ्या आधीच्या पिढीच्या मशीनची जुनी सामग्री वाया जाऊ नये म्हणून माझ्या पाठीवर दोन गोल खाचा ठेवल्या. जुने रिमोट, जुने जॉयस्टिकचे दांडे, सगळे त्यांत बसायचे. जुन्या खेळांच्या चकत्याही मी वाचायचो, म्हणजे सीडी. त्या दोन खाचांचा मला फार अभिमान होता.

मला जिने घरी आणलं ती दात बनवते. दातांचे डॉक्टर तिच्याकडे तोंडाचे साचे पाठवतात आणि ती खिडकीपाशी टेबल मांडून त्यावर दात, कवळ्या, दातांवर बसवायच्या टोप्या घडवते. तेव्हा तिचं नुकतंच लग्न झालं होतं. नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा. दिवसभर मुलांच्या वह्यांतले हत्ती सुधारून तो घरी आला की दोघं माझ्यासमोर फतकल मारून बसत. ती बहुतेक वेळा जिंके. कवळ्यांचे दात घासून घासून तिची बोटं तयार झाली होती, त्याची नव्हती. हरला की तो माझ्या पंख्याला दोष द्यायचा, याच्या घरघरीने लक्ष लागत नाही म्हणून. ती म्हणायची, मग आवाज मला येत नाही का?

त्यांना मुलगी झाली. ती माझी कड धरून उभी राहायला शिकली. माझं अंग कायम गरम असे, म्हणून थंडीत माझ्या बाजूला गाल टेकून झोपी जाई. मला खेळणं म्हणून आणलं होतं आणि मी शेगडीचंही काम करत होतो. घरातलं माणूसच झालो होतो म्हणा ना.

तिकडे कारखान्यात मात्र माझ्यावरून हात फिरवणं चालूच होतं. चिपा बारीक झाल्या. त्या कमी तापू लागल्या, म्हणून पंखा लहान झाला, आणि पंखा लहान झाला म्हणून अंगही आटलं. जे फारसं कुणी वापरत नाही ते काढून टाकलं. मुलगी दहावीला गेली त्या वर्षी तिच्या वाढदिवसाला चित्रकलेचे सर हसत हसत एक चपटं खोकं घेऊन आले. त्यातून निघाला माझा धाकटा भाऊ.

काय सांगू तुम्हाला! वहीएवढा. चकाकता. चालू केला तरी चालू आहे की नाही ते कळू नये इतका गप्प. शेजारच्या काकू खास बघायला आल्या आणि म्हणाल्या, "हा किती नाजूक आहे हो. आणि तो आधीचा म्हणजे नुसती लोखंडी पेटी." मी तिथेच, खालच्या फळीवर होतो. काकूंना वाटलं असेल, पेट्यांना कुठे कान असतात.

आठवड्याभरात माझी रवानगी कपाटावर झाली. मुलीने माझ्यावर जुनी चादर टाकली, पण तिला एके ठिकाणी भोक होतं, आणि त्यातून मला टीव्हीखालची जागा बरोबर दिसायची. ते भोक नसतं तर बरं झालं असतं. मी दिवसभर त्याच्याकडे बघायचो आणि जळायचो. त्याच्यातल्या उणिवा शोधायचो. बोटांचे ठसे त्याच्या चकचकीत अंगावर लगेच उमटत. माझ्यावर धूळसुद्धा शोभून दिसायची. त्याच्या अंगाला ऊब नव्हती, त्याला गाल लावून कुणीही झोपलं नसतं. आणि त्याची पाठ सपाट होती. माझ्या जिथे दोन खाचा आहेत तिथे त्याला गुळगुळीत प्लास्टिक. ते दिसलं की मला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. पण त्या खाचा हव्यात असं कुणी म्हणतच नव्हतं. मग पुन्हा जळफळाट सुरू.

अशातच सरांचे वडील घरी राहायला आले. आले म्हणजे आणावे लागले. आजोबांनी उभं आयुष्य बंदरावर क्रेन चालवण्यात घालवलं होतं. उंच केबिनमध्ये बसून, एक दांडा धरून, जहाजातून अख्खे कंटेनर उचलून ट्रकवर ठेवायचे. त्यांना उजव्या बाजूला अर्धांगवायूचा झटका आला आणि ज्या हाताने हे केलं तो हात मांडीवर नुसता पडून राहू लागला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी रबरी चेंडू दाबायला दिला. आजोबांनी तो एकदा दाबला आणि सोडून दिला. चेंडू घरंगळत सोफ्याखाली गेला. त्यांनी तो परत मागितला नाही. बोलणंही तुटपुंजं झालं. जेवताना सून, म्हणजे आमची दात बनवणारी, घास भरवायला गेली की ते मान फिरवत.

नात त्यांच्यावर रागावलेली होती. बैठकीची खोली आता आजोबांची झाली होती, टीव्हीसमोर त्यांची खुर्ची. तिला धाकट्याबरोबर खेळायचं तर विचारावं लागे. तिच्या मनात काय चाललंय ते मला लगेच ओळखू आलं. या बाबतीत माझा अनुभव दांडगा आहे.

एकदा सुनेने आजोबांच्या औषधांना जागा करायला सरांचं लहानपणीचं खोकं खाली काढलं. त्यात त्यांच्या जुन्या, माझ्या आधीच्या पिढीच्या मशीनचा एक दांडा होता. चांगला मुठीएवढा जाड, बुडाला जड, वर लाल बटण. ती तो पुसून बाजूला ठेवणार, तेवढ्यात आजोबांनी डावा हात पुढे केला. दांडा घेतला, मांडीवर उभा केला आणि डाव्या हाताने उजवा हात उचलून त्यावर ठेवला. बोटं जेमतेम वळली, पण वळली.

सुनेने दांड्याची वायर उलगडली. मग तिने लेकीला विचारलं, हा तुझ्या मशीनला लागतो का? लेकीने धाकट्याला उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाली, "याला खाचच नाहीये, आई. त्या जुन्याला होती."

ते 'जुन्याला' माझ्या कानात किती गोड वाजलं म्हणून सांगू! माझ्यावरची चादर निघाली, धूळ झटकली गेली, आणि धाकट्याला बाजूला सरकवून मला टीव्हीखाली बसवलं. पंखा घरघरला. खोक्यातच हेलिकॉप्टरच्या खेळाची एक चकती होती. पुरात अडकलेली माणसं आणि सामान दोराने उचलून सुखरूप जागी सोडायचं. आजोबांचं हेलिकॉप्टर आधी पाण्यात पडलं. मग डोंगरावर आपटलं. ते तोंड वाकडं करून म्हणाले, "दोर असा सोडतात का? लोड झोके खातंय." आमच्या घरी येऊन इतके दिवस झाले होते, पण इतकं लांब वाक्य ते पहिल्यांदाच बोलले.

मग ते रोजचंच झालं. सकाळी सून टेबलाशी कवळ्यांचे दात घासायची आणि आजोबा हेलिकॉप्टर पाडायचे. हळूहळू कमी पाडू लागले. अंगठा बटणावर जाऊ लागला. एके दिवशी त्यांनी चहाचा कप उजव्या हाताने उचलला, अर्धा सांडला, उरलेला प्यायला, आणि कुणाकडे बघितलं नाही. सून साच्यावर वाकून बसली होती. तिने मान वर केली नाही, पण तिचं काम थांबलेलं मला दिसत होतं.

धाकटा शेजारच्या फळीवर गप्प पडून होता. मी मुद्दाम पंखा जरा जोरात फिरवायचो.

माझी ही मिजास फार टिकली नाही. चकती वाचणारा माझा डोळा अधू होत चालला होता. आधी खेळ अडकायला लागला, मग अर्ध्यात बंद पडायला लागला, आणि एका सकाळी मला चकती दिसेनाच. सुनेने मला तिच्या टेबलावर नेलं. भोवती प्लास्टरचे जबडे मांडलेले. दातांवर बघायचं भिंग डोळ्याला लावून तिने मला उघडलं, डोळा पुसला, पुन्हा जोडला. काही उपयोग झाला नाही. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला की पहिल्या खेपेचे सुटे भाग आता येत नाहीत. धाकट्या खेपेचं मशीन असेल तर त्यातला काढून बसवा, डोळा दोघांना एकच आहे.

त्याच्या पोटातलं सगळं बदललं, आणि नेमका डोळा तेवढा माझ्यासारखाच ठेवला होता.

सुनेने लेकीला जवळ बसवून सगळं सांगितलं. लेक उसळली. "माझ्या वाढदिवसाचा आहे तो. बाबांनी मला दिलाय." सून म्हणाली, "म्हणूनच विचारतेय. तू नाही म्हणालीस तर विषय संपला." लेक नाही म्हणाली. विषय संपला. आजोबांच्या कानावर हे गेलंच होतं. तेही म्हणाले, पोरीच्या वस्तूला हात लावायचा नाही.

दोन-चार दिवस घरात माझ्या पंख्याची घरघर नव्हती. मी टेबलावर उघडा पडलेलो होतो, तिथून मला बैठकीची खोली, अंधुक का होईना, दिसायची. आजोबा खुर्चीत बसायचे. टीव्ही बंद असायचा. दांड्याची वायर कशालाच जोडलेली नसायची. आणि ते तो दांडा हलवत राहायचे. जरा पुढे, जरा डावीकडे, थांबून हळूच खाली. लेक दप्तर घेऊन दारात आली की हे बघायची आणि आत निघून जायची.

एका दुपारी ती आत गेली नाही. धाकट्याला उचलून तिने आईच्या टेबलावर, माझ्या शेजारी ठेवलं. "काढ."

"नक्की?"

"मला आजोबा पडताना बघायची सवय झालीय," ती म्हणाली. "म्हणजे त्यांचं हेलिकॉप्टर. हे असं गप्प घर नको वाटतं."

आजोबा खुर्चीतून म्हणाले, "नको, बाळा."

"तुमचा दांडा याच्यात बसत नाही ना, आजोबा? आणि तुमचं बंद असताना मला माझं लावावंसंच वाटत नाही. मग दोन बंद मशीनं ठेवून काय करू? एक तरी चालू दे." मग ती स्वतःच आईसाठी टेबलावरचा दिवा धरून उभी राहिली.

मी आयुष्यभर ज्याच्यावर जळलो त्याला माझ्या डोळ्यांदेखत उघडलं. डोळ्यांदेखत कसलं, माझा अधू डोळा तर आधीच काढून ठेवला होता. पण कळत होतं. त्याच्यातून काहीतरी निघालं आणि माझ्यात बसलं. पहिल्याच दमात चकती लागली, चित्र आलं. इतकं चटकन माझ्या तारुण्यातही कधी आलं नव्हतं, आणि या गोष्टीनेही माझ्या पोटात दुखलं, हे लपवत नाही.

त्यानंतर नात आजोबांच्या शेजारी बसू लागली. दोर कसा सोडायचा ते तिने त्यांच्याकडून शिकून घेतलं. आजोबा इतके सुधारले की काठी घेऊन स्वतः जिना उतरू लागले. आता ते रोज बंदराच्या कठड्यावर जाऊन बसतात आणि क्रेनवाल्यांच्या चुका काढतात. माझ्याकडे क्वचित येतात. म्हणजे आता मी क्रेनवरही जळतो.

गेल्या महिन्यात नातीने पहिल्या पगारातून तिसरा भाऊ आणला. धाकट्याहून बारीक. त्याला चकती लागतच नाही, खेळ सगळे इंटरनेटच्या तारेतून येतात. म्हणजे त्याला डोळाच नाही. तो टीव्हीखाली बसलाय. मी पलीकडे, आणि माझ्यावर धाकट्याचं रिकामं अंग ठेवलंय. सुनेने ते टाकू दिलं नाही.

तुमच्या घरी नवीन वस्तू आली तर खुशाल आनंद करा. फक्त जुन्यासमोर तिचं कौतुक जरा हळू आवाजात करा, एवढीच विनंती.

माझा मत्सर गेला का, म्हणाल तर नाही गेला. मी अजूनही त्या तिसऱ्याकडे दिवसभर रोखून बघत असतो. पण बघण्यापुरता डोळा धाकट्याचा आहे.